जडवस्तू नोंदवही

पान चाळीस, अनुक्रमांक सात :
टॅब, काळे, नग अकरा.
वरच्या ओळीत पितळी घंटा, एक.
खालच्या ओळीत सतरंज्या, फाटक्या, तीन.
माझ्या आधीच्या गुरुजींचं वळणदार अक्षर.
शेरा : सुस्थितीत.

सुस्थितीत म्हणजे कपाटात.
कपाटाची किल्ली रुमालात, रुमाल खिशात,
खिशावर हात.
कारण फुटला तर पगारातून वसुली,
असं कुणीतरी कधीतरी म्हणालं होतं.
तो कागद कुणी पाहिला नव्हता.

प्रशिक्षण सातपूरला होतं, तीन दिवस.
हरसूलहून पहाटेची एसटी, सीबीएसला उतरून दुसरी.
आम्ही पन्नाशीतले मागच्या बाकांवर,
आमची चुकार पोरं बसतात तसे.
पासवर्ड मी तळहातावर लिहून आणला होता,
घामानं पुसला.
मनियार मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या.
हसल्या नाहीत.
म्हणाल्या, बरं झालं सर विसरलात,
परत कसा मिळवायचा ते आता सगळ्यांनाच बघता येईल.
मग माझी चूक भिंतभर पडद्यावर,
आणि चाळीस माणसं ती वहीत उतरवून घेतायत.
एकतीस वर्षं मी चुकांभोवती
लाल गोल काढत आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे टॅब पालथे ठेवायला लावले.
आधी प्रश्न लिहा, म्हणाल्या,
तुम्हाला खरंच पडलेला.
हॉलमध्ये नुसता पंख्याचा आवाज.
मला एकही पडेना.

सोमवारी कपाट उघडलं.
खोक्यांना अजून नव्या प्लॅस्टिकचा वास.
रेंज फक्त व्हरांड्याच्या उजव्या कोपऱ्यात,
म्हणून वर्ग तिथं.
एकवीस पोरं, अकरा टॅब,
दोघांत एक, आणि तुळजा भुसारे एकटी.
मला चालंल, म्हणाली.

बोला, मी म्हटलं, हे लिहून घेतं.
सकाळी काय खाल्लंत?
तुळजा बोलली : नागलीची भाकर.
उमटलं : नागडीची भाकर.
वर्ग असा हसला
की अंगणवाडीच्या ताई बघायला आल्या.
पुन्हा म्हणून पाहिलं, हळू, मोठ्यानं, ओठांशी धरून.
नागिणीची भाकर. नागपूरची भाकर.
नागली काही येईना.

तुळजानं मान वर केली.
सर, याला माहीत नाही?
सवयीनं मी तोंड उघडलं, समजावून सांगायला,
आणि मिटलं.
नाही, म्हटलं.
मग याला अजून काय काय माहीत नाही?

हा प्रश्न मी सातपूरला शोधत होतो.

आठवडाभर तेच चाललं.
नकाशावर आमचा पाडा म्हणजे हिरवा डाग, बिननावाचा.
पाड्यात विहिरी किती, टॅब सांगेना.
पोरं मोजून आली : चार, त्यात एक बुजलेली.
बुजलेली धरायची का, यावर मधली सुट्टी संपली.
म्हाताऱ्यांना विचारलं कुणी खणली,
ते बोलणं भरून आणलं,
मध्येमध्ये खोकल्यासकट.
जे त्याला येत होतं, भागाकार, चंद्राच्या कला,
ते त्याला विचारलं,
आणि उत्तर आलं तरी शेजारच्या जोडीकडून तपासून घेतलं,
बाजारात त्यांच्या आया
वजन दुसऱ्या काट्यावर करून बघतात तसं.
हे मी शिकवलेलं नाही.

शुक्रवारी व्हायचं ते झालं.
विहिरीच्या काठावर फोटो काढताना
मनिराम गावितचा हात सुटला.
काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ.
सोमवार, मंगळवार, मनिराम गैरहजर.
बुधवारी त्याच्या दारात गेलो,
तोच टॅब घेऊन.
चालू करून दाखवला.
तड्याखाली विहीर स्वच्छ दिसत होती,
तळाच्या पाण्यात वाकलेली तीन डोकी,
एक त्याचं.

रात्री नोंदवही काढली.
पान चाळीस, अनुक्रमांक सात.
सुस्थितीत, यावर आडवी रेघ.
एकाला तडा, लिहिलं.
कारणाचा रकाना अरुंद असतो.
आजवर तिथं मी उंदीर लिहिलं,
वाळवी लिहिलं, छपराची गळती लिहिलं.
या वेळी लिहिलं : वापर.
खाली सही, पूर्ण नावानं.
किल्ली कपाटालाच राहू दिली.